ओळ संपेपर्यंत उठायचं नाही

२ फेब्रुवारी

बाबा,

वर आदराचं काही लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही, तेव्हा तिथे खूण करू नका.

तुम्ही फोन घेत नाही. आईने दोनदा फोन तुमच्या कानाशी नेला आणि दोन्ही वेळा तुम्ही हातानेच नको म्हणालात, हे तिने मला सांगितलं. बोललेलं दुरुस्त करता येत नाही, हे तुमचं कारण मला पाठ आहे. म्हणून लिहिते आहे. हे वाचाल, याची खात्री आहे. समोर आलेला कागद तुम्हाला न वाचता ठेवता येत नाही.

मी मावशीकडे आहे. तिच्या शिवणाच्या दुकानामागे एक खोली आहे. त्यात एक खाट, एक टेबल आणि भिंतीला उभे केलेले कापडाचे तागे. तुमच्या लेखी ती बाई नुसती कापडं फाडते. पण तिच्याकडे लोक ठरलेल्या दिवशी येतात आणि त्यांचं काम झालेलं असतं. आपल्या घरात हे मी कधी पाहिलं नव्हतं.

उत्तरपत्रिकेची प्रत घरी आली तो दिवस आठवा. बाहेरून दिलेल्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर, तीन तास, पाच प्रश्न. पहिल्या तिन्हींना तेरा, बारा, अकरा. चौथ्या आणि पाचव्यापुढे काही नाही, कारण मी तिथवर पोचलेच नव्हते. छत्तीस झाले. चाळीस लागतात. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पानं उलटलीत आणि म्हणालात, "तिन्हींत चूक एकही नाही." मग आईकडे बघून, "बघ." मी नापास झाले होते आणि तुमचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा होता.

मला शाळेत घातलं नाहीत. शाळेत पोरं चुका शिकतात, म्हणालात. मी सात वर्षांची असल्यापासून तुमच्या समोरच्या खुर्चीत बसून मूळ मजकूर मोठ्याने वाचत आले आणि तुम्ही छापखान्यातून तपासायला आणलेल्या प्रुफांवर नजर ठेवून लाल शाईने खुणा करत राहिलात. कॉमासुद्धा बोलून वाचायचा. मी इंग्रजी शिकले ती पाण्याच्या पंपांच्या माहितीपत्रकांवर आणि खोकल्याच्या औषधाच्या कागदांवर. आणि नियम एकच होता. ओळ स्वच्छ झाल्याशिवाय पुढची ओळ नाही. ओळ संपेपर्यंत उठायचं नाही.

पहिल्या दोन वर्षांत छोटे प्रश्न होते, तेवढ्यावर निभावलं. शेवटच्या वर्षी निभावलं नाही. परीक्षेत मी पहिल्याच उत्तरावर सव्वा तास घालवला. हे तुमचं शिक्षण.

आता तुमच्या टेबलाशी धाकटी बसते. नऊ वर्षांची आहे ती. त्या दिवशी ओळ संपेपर्यंत उठायचं नाही म्हणून ती बसून राहिली आणि खुर्चीतच ओली झाली. हे तुमच्या नियमाने झालं. मी घर सोडलं ते यासाठी.

मी तिला शाळेत घालू म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "आधी स्वतः पास होऊन दाखव. मग धाकटीचं माझ्याशी बोल." तुम्ही दिलेला शब्द आहे हा. ११ मार्चला पुन्हा परीक्षा आहे. ती एकदाच देता येते. इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे, पण निकालापर्यंतच. पास झाले तर मी त्या शाळेत शिकवीन, धाकटी त्याच शाळेत शिकेल आणि माझ्यापाशी राहील. नापास झाले तर ती तुमच्या समोरच्या खुर्चीत मोठी होईल. माझ्यासारखी.

तुमची मोठी


१३ फेब्रुवारी

बाबा,

माझं पत्र परत मिळालं.

उघडण्याआधी क्षणभर वाटलं की उत्तर आहे. आत माझीच दोन पानं होती आणि त्यांवर तुमची लाल शाई. चौदा दुरुस्त्या. तळाशी नेहमीसारखं, "वाचले. एक तास दहा मिनिटे." बाकी अक्षर नाही.

दोन पानांना एक तास दहा मिनिटं, बाबा. आणि मी नापास का झाले, असं लोक मला विचारतात.

मावशीने ती पानं उजेडाकडे धरली. म्हणाली, "माझं पत्र इतकं लक्ष देऊन वाचणारा कोणी भेटला असता तर मी लग्न केलं असतं."

मी म्हटलं, "हसू नकोस."

"हसू नको तर काय करू? पोरीने बापाला शिव्या घातल्या आणि बापाने त्यातले स्वल्पविराम सुधारले. भांडण तरी धड करा की रे."

तुम्हाला कळावं म्हणून इथला दिवस सांगते. सकाळी मावशी दुकान उघडण्याआधी मला तीन तास मिळतात. एकशे ऐंशी मिनिटांची मी वाटणी केली आहे. दहा मिनिटं प्रश्न वाचायला, प्रत्येक उत्तराला बत्तीस, शेवटची दहा नजर फिरवायला. कागदावर ही वाटणी सुंदर दिसते. पहिल्या दिवशी पहिल्या उत्तराला एकावन्न मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी एकोणपन्नास. वाक्य लिहिते, मागे जाते, शब्द बदलते, पुन्हा मागे जाते. कोणी पाहत नसतं. तरी मला समोर तुमचा चष्मा दिसतो.

तिसऱ्या दिवशी मावशी स्टूल घेऊन शेजारी बसली. बटणाच्या डब्यावर घड्याळ ठेवलं. बत्तीस मिनिटं झाली आणि तिने माझ्या पेनाखालून वही ओढून घेतली. शब्द अर्धा राहिला आणि पानावर निळी रेघ उमटली.

"वाक्य तरी पुरं करू दे," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक दारात आलंय."

"एकच शब्द आहे गं."

"पाच झबली शिवायची आहेत तुला. एकाची कॉलर फार सुरेख झाली आणि चार कापलीच नाहीत, तर उघडी पोरं घेऊन आलेली बाई माझी कॉलर बघत बसेल का? आधी पाचही कापायची. पाचांना कच्चे टाके घालायचे. मग वेळ उरला तर कॉलरचे लाड कर."

मला रडू आलं. अर्ध्या शब्दासाठी, बाबा. एकवीस वर्षांची बाई अर्ध्या शब्दासाठी रडली. मावशी उठून इस्त्री तापवायला गेली. जाता जाता म्हणाली, "मेहुण्यांनी काम चोख केलंय म्हणायचं."

पुढच्या दिवसापासून ती रोज वही ओढते. परवा चार उत्तरं झाली. पाचवं अजून होत नाही.

तुमच्या चौदा दुरुस्त्या बरोबर आहेत. मी तपासल्या. पण एका ठिकाणी दुरुस्ती नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. धाकटी खुर्चीत ओली झाली त्या वाक्याशेजारी, समासात. मजकुरातली माहिती खरी वाटत नसेल तेव्हा तुम्ही ते काढता, हे मला ठाऊक आहे. त्या प्रश्नचिन्हाला मी उत्तर देणार नाही.

मोठी


२७ फेब्रुवारी

बाबा,

दुसरं पत्रही परत आलं. या वेळी खुणा पेन्सिलीच्या आहेत आणि लाल शाई फक्त त्या खुणांवर आहे.

आईला फोन केला. ती म्हणाली, "त्यांनी धाकटीला वाचायला दिलं ना. सराव होतो म्हणाले."

"माझं पत्र? मोठ्याने?"

"कॉमासकट," आई म्हणाली.

म्हणजे मी तुम्हाला जे जे बोलले ते नऊ वर्षांच्या मुलीने तुमच्यासमोर बसून खणखणीत आवाजात वाचलं आणि तुम्ही ऐकत बसलात, तिची खूण चुकते का ते पाहत. तुम्हाला लाज कशी वाटली नाही? की वाटली, आणि तीही तुम्ही समासात ढकललीत?

तुम्हाला शिष्या कधीच नको होती. छापखान्यात वाचायला सोबती मिळत नाही, म्हणून तुम्ही घरी एक तयार केली. ती वाढून मोठी झाली, बोलायला लागली, तेव्हा दुसरी बसवलीत.

हे लिहून झालं. आता ते प्रश्नचिन्ह.

तीन दिवस मावशीच्या घड्याळाशी मला काही सुचलेलं नाही. प्रश्न वाचते आणि मला तुमचा समास दिसतो. म्हणून लिहून टाकते. तुमच्या समाधानासाठी नाही. खोटं लिहिलेलं माझ्या नावावर राहतं, तेवढ्यासाठी.

त्या दिवशी तुम्ही छापखान्यात होतात. टेबलाशी मी होते. उत्तरपत्रिका येऊन दोन दिवस झाले होते आणि मी धाकटीला समोर बसवून एकच पान लिहायला लावत होते. तिने नऊ वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी मी एक चूक काढली आणि कागद फाडला. दहाव्या वेळी ती म्हणाली, "ताई, जाऊन येऊ?" मी म्हटलं, "ओळ संपव." तुमच्या आवाजात म्हटलं. तो आवाज माझ्या तोंडून इतका सहज निघाला की मलाच आधी कळलं नाही. तिने ओळ संपवली, बाबा. ओळीत चूक नव्हती. मग मी खाली पाहिलं.

मी फडकं आणलं, फरशी पुसली, तिचे कपडे बदलले आणि तिला सांगितलं की आईला सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी घर सोडलं. तिला म्हणाले, महिन्याभरात येते. तेही खरं नव्हतं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तिने सांगितलं असेल, किंवा तुम्ही खुर्ची पाहिली असेल. आणि तरी तुम्ही मला घरी एक शब्द विचारला नाहीत. पत्रात चूक सापडेपर्यंत थांबलात.

आणखी एक, म्हणजे सगळंच होईल. परीक्षेत दुसऱ्या तासाची घंटा मी ऐकली होती. दोन प्रश्न राहिलेत, हे मला कळत होतं. एक तास हातात होता. मी पुढचं पान उलटलं नाही, मागचं उलटलं. पहिलं उत्तर पुन्हा स्वच्छ करत बसले. तपासणारा कोणी अनोळखी माणूस असणार, हे डोक्यातच आलं नाही. ती उत्तरपत्रिका मी तुमच्यासाठी लिहिली. आणि तुम्हाला ती आवडलीसुद्धा.

पत्राच्या शेवटी धाकटीने पेन्सिलीने बारीक लिहिलं आहे. "ताई, बाबा म्हणतात चूक दिसत नसेल तर शेवटच्या ओळीपासून वर वाचत यायचं. तू पाचवा प्रश्न पहिला लिही." त्या ओळीवरही तुमची एक लाल खूण आहे. म्हणजे तुम्ही ती वाचलीत. तिच्यातली चूक सुधारलीत आणि ओळ राहू दिलीत.

यासाठी मी तुमचे आभार मानणार नाही. तुम्ही धाकटीचं अक्षर सुधारलंत, मला मदत केलेली नाही.

मोठी


११ मार्च

बाबा,

पेपर झाला. हात अजून दुखतो आहे, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

परीक्षेचा हॉल म्हणजे एक व्यायामशाळा होती. फरशीवर खेळाच्या पिवळ्या रेघा आणि त्यांच्यावर ओळीने बाकं. घड्याळ माझ्या पाठीमागे. पर्यवेक्षकबाईंना मी विचारलं, जागा बदलून मिळेल का. त्या म्हणाल्या, "मान वळवायची नाही." मग मी हातातलं घड्याळ काढून बाकावर ठेवलं.

दहा मिनिटं पाचही प्रश्न वाचले. पहिला माझा तयार होता, कवितेवरचा, बोटं शिवशिवत होती. पाचवा होता कधी न पाहिलेल्या उताऱ्यावर. एक म्हातारा माणूस स्टेशनवर कोणाची तरी वाट बघतो आणि गाडी येते तेव्हा तोंड फिरवतो. हे त्याने का केलं असावं, ते लिहायचं होतं. मी पान उलटून वर "५" लिहिलं. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी वळून पाहायला लागली आणि बाईंनी तिला दटावलं.

बत्तीस मिनिटांनी मी थांबले. थांबले म्हणजे हात उचलला नाही, खेचला. वाक्य अर्धं होतं. इथे वही ओढायला मावशी नव्हती. त्या अर्ध्या वाक्याच्या आधीच्या ओळीत एक चूक आहे. क्रियापद चुकलं आहे. मला तेव्हाच दिसलं. मी ते तसंच ठेवलं आणि चौथ्याकडे गेले. चौथं लिहिताना ते क्रियापद मला चपलेत खडा गेल्यासारखं टोचत होतं. तिसऱ्यातही टोचत होतं. दुसऱ्यात विसरले.

पहिल्याला पंचवीस मिनिटं उरली. सगळ्यात चांगलं येणारं उत्तर मी सगळ्यात वाईट लिहिलं. शेवट नाही त्याला. शेवटची दहा मिनिटं नजर फिरवायला राखली होती, ती त्यातच गेली. घंटा झाली आणि बाईंनी वही उचलली. मी पाचव्याकडे परत गेले नाही. त्या क्रियापदाकडे परत गेले नाही.

बाहेर आले आणि पायरीवर बसले. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. चोरी करून आल्यासारखं वाटत होतं. तुम्हाला हे वाचून बरं वाटत असेल तर वाटू दे. पाच प्रश्न लिहिले मी. पाचांत चुका आहेत. किती, ते तुम्हाला कधी कळणार नाही, कारण या वेळी मी प्रत मागवणार नाही.

मोठी


२२ एप्रिल

बाबा,

सत्तेचाळीस.

अकरा मार्चचं पत्र तुम्ही परत पाठवलं नाहीत. पहिल्यांदाच. त्याचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही, म्हणून ठरवत नाही.

मुख्याध्यापिकांना निकाल दाखवला. त्यांनी कपाटातून नेमणुकीचं पत्र काढलं. ते आधीपासून टाइप करून ठेवलेलं होतं, फक्त तारीख घालायची होती. दुकानात परतले तेव्हा मावशी कोणाच्या तरी बाहीत सुया खोचत होती. म्हणाली, "सत्तेचाळीस म्हणजे कपडा अंगावर बसला. आता त्याला आतून कोण बघतंय?" आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "ही आमची मास्तरीण. बोलताना जपून, वाक्यं मोजते."

धाकटीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म सोबत आहे. मी सगळा भरला आहे. तुमच्या सहीची जागा तेवढी रिकामी आहे, दुसऱ्या पानावर, खाली. तुम्ही म्हणाला होतात, पास होऊन दाखव. दाखवलं. त्यापुढे तुम्हाला लिहायचं ते फक्त तुमचं नाव.

मोठी


६ मे

बाबा,

फॉर्म मिळाला.

अकरा दुरुस्त्या. शाळेने छापलेल्या मजकुरात. माझ्या अक्षरात एकही नाही, ही गोष्ट मी दोनदा तपासली, आणि तपासली याचा मला राग आला. तळाशी "वाचले. पन्नास मिनिटे." सहीची जागा कोरी.

मी तो तसाच मुख्याध्यापिकांपुढे ठेवला. त्यांनी पान वरून खाली पाहिलं. "हे कोणी केलं?"

"वडिलांनी."

"बरोबर आहेत सगळ्या," त्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "पुढच्या वेळी छापण्याआधी त्यांना दाखवू. सही कुठे आहे?"

"सही ते करत नाहीत."

"मग आई आहे ना?"

बाबा, मला खरंच सुचलं नव्हतं. तीन महिने तुम्हाला पत्रांवर पत्रं लिहिली, आणि त्या घरात आणखी एक माणूस आहे हे मला कोऱ्या फॉर्मची पाळी आल्यावर बाईंनी सांगावं लागलं. आई टेबलावर चहा ठेवायची आणि कागदाला डाग पडू नये म्हणून मागे सरकायची. तुम्ही तिला मागे सरकवलंत. मी तिला तिथेच राहू दिलं.

मी फोन केला. सगळं सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "नवा फॉर्म आण. आम्ही येतो." तुम्ही कामावर गेल्यावर ती धाकटीला घेऊन निघाली, हे तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं असेल. बसमध्ये दोन तास उभी होती. धाकटीला कोणाच्या तरी मांडीवर जागा मिळाली, तिला नाही.

दुकानातल्या कापायच्या टेबलावर मी फॉर्म ठेवला. म्हटलं, "आधी वाचून बघ."

"तू वाचलास ना?"

"हो."

"झालं तर मग." तिने पेन घेतलं आणि सही केली. दहा सेकंदं लागली असतील. सही रेघेवर नाही, तिरकी वर चढली आहे आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं आहे. शाळेने ती घेतली. धाकटीचं नाव दाखल झालं.

तुमचा फॉर्म परत पाठवते आहे. त्याचा आता उपयोग नाही.

धाकटी माझ्याजवळ आहे. तुमच्याबद्दल तिने एकच विचारलं, "बाबांसमोर आता कोण वाचणार?" मी आईकडे पाहिलं. म्हटलं, "तू वाच ना."

आई पिशवीची घडी घालत होती. "मला कुठे शिकवलंय त्यांनी?" ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. भाजी संपली सांगावं तसं.

ती दुपारच्या बसने निघाली. हे पत्र तुमच्या हातात पडेल तोवर तिला घरी येऊन दोन दिवस झालेले असतील. तुम्ही तिला काय बोललात, की काहीच नाही, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. टेबलापलीकडची खुर्ची रिकामी आहे. तिथे आईला बसवायचं की ती रिकामीच ठेवायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.

धाकटी त्या खुर्चीत परत येणार नाही. या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढू नका.

मोठी